कार्बनलाही दाम हवा



कार्बनच्या जागतिक कराराशी कोरडवाहू शेतकऱ्याचा संबंध काय? संबंध रोकड्या व्यवहाराचा आहे. धूर कुठल्याही देशाचा असो, आभाळ एकच. तेव्हा कार्बन जिथे कमी खर्चात घटतो तिथे घटवावा आणि ज्याला स्वतःच्या घरी ते महाग पडते त्याने पैसे मोजावेत. यात दोघांचाही फायदा. २०१५ च्या पॅरिस कराराच्या सहाव्या कलमात हाच सौदा आहे. त्याचे नियम २०२४ मध्ये बाकू येथे पुरे झाले.

ज्वारीचा कडबा जनावरांच्या पोटात जातो, पऱ्हाटी मात्र आपण पेटवून देतो. तीच कोंडून भाजली आणि तो कोळसा जमिनीत घातला, तर त्यातला बराच कार्बन शेकडो वर्षे मातीत राहतो. अशा कोळशाची कार्बन क्रेडिटे जगात विकली जातात. म्हणजे हा माल आहे.

देशांनी मिळून माप ठरवले तरच या मालाला बाजार मिळेल. नाही ठरवले तर नाके उभे राहतील. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, खतांवर कार्बनचा आकार लागू केला. त्यात आज कापड नाही. उद्या नसेलच, याची हमी कोण देणार?

म्हणून आपली मागणी स्पष्ट आहे. करार व्हावेत, माप उघड असावे आणि पैसा दलालाच्या नव्हे, शेतकऱ्याच्या खात्यात पडावा. आम्हाला अनुदान नको, मालाचा दाम हवा.