तिकीट कोणाच्या घरी जाते?

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात व्हर्नी नावाचे जमीनदार घराणे होते. १६४० च्या पार्लमेंटमध्ये बाप सर एडमंड आणि मुलगा राल्फ, दोघेही सभासद. १६४२ मध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट युद्ध पेटले. बाप राजाचे निशाण घेऊन एजहिलच्या रणात पडला, मुलगा पार्लमेंटच्या बाजूने राहिला. त्या काळी परगण्याच्या जागेसाठी मत द्यायचे तर वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन लागे. मग सभागृहात जमीनदारांची घरे बसणार, नवल ते काय?

आपल्याकडे ही जमिनीची अट आता नाही. बाबासाहेबांनी १९१९ ला साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा म्हटले आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे थेट प्रौढ मताधिकार मागितला. मत मिळाले. पण तिकीट?

आम्ही शिरवण्याचे, म्हणून नवी मुंबईचेच बोलतो. २००९ साली नाईक घराण्यातले संजीव नाईक ठाण्याचे खासदार, वडील गणेश नाईक बेलापूरचे आमदार, भाऊ संदीप नाईक ऐरोलीचे आमदार झाले. पुढच्याच वर्षी पुतणे सागर नाईक महापौर. २०२४ ला वडील ऐरोलीत भाजपकडून, मुलगा बेलापुरात शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभा. व्हर्नींचे घर फुटले ते एका मोठ्या प्रश्नावर, इथे प्रश्न फक्त दुसऱ्या जागेचा होता!

हे लोक खोत-सरंजामदारांच्या वंशातले नाहीत, हे मान्यच करू. गणेश नाईक कामगार संघटनेतून वर आले, आगरी समाजातून आले. मतदार पाडतोही: २०१४ ला बेलापुरात मंदा म्हात्रेंनी त्यांना हरवले. आमचा आक्षेप पुढच्या पिढीवर आहे. पहिला माणूस चळवळीतून येतो, दुसरा घरातून. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की घरातलीच बाई उभी राहते, तीही याच वाटेने.

तुर्भ्याच्या झोपडपट्टीतला, एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा बौद्ध तरुण मतदार आहे, बूथवर कार्यकर्ता आहे, सतरंज्याही तोच उचलतो. उमेदवारांच्या यादीत तो नसतो. आणि निळ्या झेंड्याखालच्या आपल्या गटांतही नेत्याच्या मुलाला आधी विचारतात, हे आपण किती दिवस गप्प बसून बघणार? दुसऱ्यांच्या घराण्यांवर बोट ठेवायचे तर आधी आपल्या पक्षाच्या बैठकीत विचारा: उमेदवार ठरवताना मतदान झाले का, आणि ते कोणी केले?