मुलाचा ताप आणि घरांतला खल

मूल तापलें म्हणजे आपल्या घरांत औषधाआधीं मतें गोळा होतात. दांत येत असतील, असें आजी म्हणते. पावसांत भिजला, असें काका म्हणतात. आणि सकाळपर्यंत पाहूं, यावर सर्वांचें एकमत होतें. पुष्कळदां तें बरोबरही ठरतें. कारण मुलांचे बहुतेक ताप विषाणूंमुळें येतात व विश्रांतीनें, पेजपाण्यानें उतरतात. परंतु वाट केव्हां पाहूं नये, हें घरांत आधींच ठरलेलें असावें, असें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे.

प्रथम वय पाहावें. तीन महिन्यांच्या आंतील तान्ह्यास १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असल्यास, तें हंसत असलें तरी, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. या वयांत गंभीर आजारही दुसरें लक्षण न दाखवितां येऊं शकतो.

त्याहून मोठ्या मुलांत थर्मामीटरच्या आंकड्याइतकेंच मुलाच्या वागण्याकडे लक्ष द्यावें. मूल नीट जागें होत नाहीं, पाणी वा अंगावरचें दूध घेत नाहीं, घेतलेलें सर्व ओकतें, मान ताठते, ओंठ निळसर दिसतात, किंवा दाबूनही न मावळणारे जांभळट ठिपके अंगावर उठतात, यांपैकीं एकही गोष्ट दिसतांच रुग्णालय गांठावें. मूल शांत असतां पूर्ण मिनिटभर श्वास मोजावे. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, व पुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरल्यास, अथवा श्वासागणिक छातीचा खालचा भाग आंत ओढला गेल्यास, न्यूमोनियाची शंका घ्यावी.

आंकडी आल्यास मुलास कुशीवर निजवावें. तोंडांत कांहीं घालूं नये, कांदा हुंगविण्यांत वेळ दवडूं नये. पांच मिनिटांत ती न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डेंग्यूच्या दिवसांत ताप उतरला म्हणूनही निश्चिंत राहूं नये. त्याच सुमारास पोटांत तीव्र दुखणें, वारंवार उलट्या, रक्तस्राव वा हातपाय गार पडणें, हीं धोक्याचीं लक्षणें होत.

राहतां राहिला प्रश्न निर्णयाचा. रात्रभर उशाशीं बसलेली आई "आज याचें कांहीं वेगळें आहे," असें म्हणते, तेव्हां तिचें म्हणणें डॉक्टरही गंभीरपणें घेतात. मग घरानें कां घेऊं नये? पुष्कळ घरांत सून सासऱ्यांच्या उठण्याची वाट पाहत बसते, आणि मोलाचे तास निघून जातात. "विचारत बसूं नकोस, नीघ," हे शब्द घरांतील वडीलधाऱ्यांनीं सर्व खुशाल असतांनाच तिला सांगून ठेवावे. एखादा हेलपाटा व्यर्थ गेला, तर तेवढा जाऊं द्यावा.