'शुगर फ्री'ची पाटी आणि आपण साखरवाले



ऊस काट्यावर घातला की वजनाची पावती आपण उलटसुलट करून वाचतो. थोडा फरक वाटला तरी काट्यावरच्या माणसाला हटकतो. पण तीच माणसे आपण, बिस्किटाचा पुडा घेताना मात्र पुढची मोठी अक्षरे पाहतो आणि पिशवीत टाकतो. मागची बारीक अक्षरे वाचायची कोणी? आमचे म्हणणे असे की, काट्याची पावती वाचणाऱ्याने पुड्याची पाठही वाचलीच पाहिजे.

काही सभासद म्हणतील, साखर कारखान्याच्या पत्रिकेत हा विषय कशाला? साखर कमी खा म्हणायचे आणि आपल्याच पोटावर पाय आणायचा? तर तसे नाही. आपल्या साखरेचा मोठा हिस्सा घरच्या डब्यात जातच नाही. तो बिस्किटे, मिठाई, शीतपेये यांच्या कारखान्यांत जातो आणि रंगीत पुड्यातून दामदुपटीने परत आपल्याच घरी येतो. साखर पिकवणाऱ्यालाच ती कशात किती आहे हे कळू नये, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

आता पाट्यांचे पाहू. २०१८ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा दाव्यांचे नियम केले. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅम मालात साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नाही, एवढाच अर्थ. मैदा आणि तूप-तेल नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. मैद्याची पोटात शेवटी साखरच होते, आणि चरबीच्या एका ग्रॅममध्ये ९ उष्मांक असतात, साखरेच्या ग्रॅममध्ये ४. म्हणजे मधुमेहवाल्या आजोबांनी शुगर फ्री बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला तर फायदा कोणाचा? दुकानदाराचा.

'नो ॲडेड शुगर' म्हणजे वरून साखर घातली नाही. खजुराच्या वडीत मुळातलीच साखर भरपूर असते, ती कुठे जाणार? गुळाचेही तेच. गूळ आपलाच, गोडही, पण वजन उतरवायला म्हणून चहात साखरेऐवजी गूळ घालणाऱ्याचे उष्मांक जवळपास तेवढेच राहतात.

पुड्याच्या मागे दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, घटकांची यादी. जो जिन्नस वजनाने जास्त, तो आधी लिहावा असा नियम आहे. पहिल्या तीन नावांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा इन्व्हर्ट सिरप आले की समजावे. दुसरी गोष्ट, आकडा १०० ग्रॅमचा की एका 'सर्व्हिंग'चा? समजा, १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम साखर आहे. दोन बिस्किटांचे 'सर्व्हिंग' २० ग्रॅमचे धरले की आकडा ५ ग्रॅमच दिसतो. दोन बिस्किटांवर थांबणारे पोर आम्ही तरी पाहिलेले नाही.

मग साखर किती खावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरच्या साखरेचे १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत. २००० उष्मांक धरले तर ५० ग्रॅमच्या आत. त्याच्या निम्म्यावर आणली तर आणखी चांगले. आता हिशेब करा. चहाचा सपाट चमचा सुमारे ४ ग्रॅमचा. दोन चमच्यांचे सहा कप म्हणजे ४८ ग्रॅम. पाहुण्यांबरोबरच्या चहातच कोटा संपला! आणि साखरेऐवजी गोड गोळ्या टाकून वजन उतरेल म्हणावे, तर वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत, असे त्याच संघटनेने २०२३ साली सांगितले.

दुसरा विषय डाएटचा. कोणी दिवसातून दोनदाच जेवतो, कोणी भाकरी-भात बंद करून 'किटो' धरतो. कमी खाल्ले की वजन उतरते, त्यात जादू नाही. भाकरी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो, तो बराचसा अंगातल्या पाण्याचा असतो. बैठे काम करणाऱ्याला डॉक्टरच्या सल्ल्याने एखादी पद्धत मानवेलही. पण ज्याला इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू आहे, त्याने मोबाइलवरचा सल्ला ऐकून जेवण सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. रक्तातली साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही जाते. रात्रीच्या लायटीला पाणी धरायला गेलेला माणूस बांधावर एकटा असतो. त्याला हाक कोण देणार? म्हणून डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवणाची वेळ मोडू नका, आणि खिशात चार खडे साखरेचे ठेवा. तिथे आपली साखर औषधच आहे.

शेवटी एक मागणी. पुड्यावरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की कायद्याचे भागते. मराठीला बंदी नाही, पण सक्तीही नाही. तेव्हा जिथे जिथे कारखान्याचे ग्राहक भांडार आहे, तिथे फळीखाली मराठीत पाटी लावावी: १०० ग्रॅममध्ये साखर किती, चरबी किती, मीठ किती. खर्च खडू-फळ्याचा. हा ठराव वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने मांडावा, आणि घरातला हिशेब बायामाणसांच्या हाती असतो म्हणून भगिनींनी त्याला अनुमोदन द्यावे.

साखर आपण पिकवतो, ती लपवून विकणे हा आपला धंदा नाही. सणाला पुरणपोळी खुशाल खावी, पण डोळे उघडे ठेवून.