आठ न काढता इंटरनॅशनल
(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

ओरोस हे कागदांचं गाव आहे. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि इथल्या माळावर सिंधुदुर्गनगरी उभी राहिली. कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, कोर्ट... अख्खा जिल्हा इथे येतो तो कुठला ना कुठला कागद हातात घेऊन. दोडामार्गचा माणूस पहाटेची एस.टी. पकडून येतो, "साहेब मीटिंगला गेलेत" हे ऐकतो आणि तिठ्यावर चहा पिऊन परत जातो. आम्ही हॉस्टेलवाले मात्र या सगळ्या वैभवाच्या कुशीत चार वर्षं राहून फार तर एकच ऑफिस आतून बघतो. ते म्हणजे आरटीओ. एम.एच. ०७!

मी ते यंदा पहिल्यांदा बघितलं. तेही स्वतःच्या कामासाठी नाही, रूममेटच्या.

त्याचं असं झालं. कॅम्पसला आलेल्या एका कंपनीने आमच्या वर्गातले दोघे जपानमधल्या प्लांटवर ट्रेनिंगसाठी घेतले. एक माझा रूममेट, दुसरा अस्मादिक. (आईने पेढे वाटले. वडिलांनी "तिकडे जेवणाचं काय?" एवढंच विचारलं.) दोन वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या सिनियरने फोनवर सांगितलं, "प्लांट गावाबाहेर आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर ट्रेन मिळत नाही. गाडी चालवता येत असेल तर इंटरनॅशनल परमिट काढूनच या." झालं! दुसऱ्या दिवशी सबमिशन बाजूला ठेवून आम्ही आरटीओत.

आता हे परमिट म्हणजे काय, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. हॉस्टेलवर विचारलं तर निम्मी मुलं म्हणतात, "मोठी परीक्षा असेल यार, इंटरनॅशनल आहे ना!" परीक्षा वगैरे काही नाही. फॉर्म ४-ए, चालू मुदतीचं लायसन, पासपोर्ट, फोटो आणि १००० रुपये फी. पूर्वी व्हिसा आणि डॉक्टरचं सर्टिफिकेटही लागायचं. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने ते दोन्ही काढून टाकलं, कारण काही देश व्हिसा विमानतळावर उतरल्यावरच देतात आणि ज्याच्याकडे चालू लायसन आहे त्याला पुन्हा डॉक्टरकडे कशाला पाठवायचं? त्याच अधिसूचनेत आणखी एक सोय झाली. परदेशात असताना परमिट संपलं तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करायचा. तो अर्ज इकडे आपल्या आरटीओकडे येतो आणि नवं परमिट कुरिअरने तिकडे जातं. म्हणजे टोकियोत बसलेल्या मालवणी माणसाचा अर्ज ओरोसच्या टेबलावर! मला तर ही कल्पनाच फार आवडली.

परमिट मिळतं ते एका छोट्या पुस्तिकेच्या रूपात. आधी प्रत्येक राज्याच्या पुस्तिकेचा आकार वेगळा, रंग वेगळा, त्यामुळे परदेशातला पोलीस बुचकळ्यात पडायचा. ऑगस्ट २०२२ पासून देशभर एकच नमुना आला, त्यावर क्यूआर कोडसुद्धा. मुदत एक वर्ष, आणि लायसन त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच. सोबत मूळ लायसन नसेल तर पुस्तिकेला किंमत शून्य. (नेटवर 'दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन घरपोच' अशा जाहिराती दिसतात. असं परमिट जगात कुठलंच सरकार देत नाही. पैसे फुकट जातील, वर खोटा कागद बाळगल्याचं बालंट.) आणि हो, जायच्या आधी पासपोर्टवरचं नाव आणि लायसनवरचं नाव शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे कुठे आडनाव पहिलं, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं नाव गायब. घोळ असेल तर तो इथेच निस्तरावा.

तर पुस्तिका आली. रात्री रूमवर दहा-बारा जण जमले, सगळ्यांच्या हातांतून ती फिरली. कोणी फोटो बघून हसलं, कोणी पानं उलटून भाषा मोजल्या. आत एक तक्ता असतो. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे ड्रायव्हर सोडून आठ सीटपर्यंतची गाडी, पुढे ट्रक, बस, ट्रेलर. मूळ लायसनवर जे असेल तेवढ्यावरच शिक्का. ज्याच्याकडे फक्त कारचं लायसन आहे आणि जो थायलंडला जाऊन भाड्याची स्कूटर उडवतो त्याच्याकडे, पुस्तिका खिशात असूनही, त्या स्कूटरसाठी परमिट नसतंच. पडला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतात.

मग रूममेट मला म्हणाला, "तुझा कधी काढूचा? गावाक जाशीत तेव्हा अर्ज टाक."

आणि मी गप्प बसलो.

कारण सांगतो. रूममेट देवगडचा. त्याने मोटरसायकलचं आणि कारचं लायसन इथेच ओरोसला काढलंय. पहिल्या खेपेला आठ काढताना त्याचा पाय टेकला, नापास झाला. देवगडहून पुन्हा आला, पुन्हा आठ काढला, पास झाला. आम्ही त्याला त्यावरून वर्षभर चिडवलंय. माझं लायसन घाटावरचं. कुठल्या ऑफिसचं ते विचारू नका. अठरा पूर्ण झाल्यावर काकांनी एका एजंटाकडे नेलं. लर्निंगची ऑनलाइन परीक्षा घरी बसून द्यायची होती, ती चुलतभावाने दिली, मी शेजारी बसून भजी खात होतो. पक्क्या लायसनच्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसलो. स्टीअरिंग माझ्या हातात, पण क्लच-ब्रेक शेजारच्या माणसाच्या पायात. गाडी दहा मीटर पुढे गेली आणि थांबली. "नेक्स्ट!" मी पास. आठ तर मी आजवर कागदावरच काढलाय.

म्हणजे बघा. रूममेटचं लायसन आणि माझं लायसन, दोन्ही सारखीच स्मार्ट कार्डं. दोघांना सारखीच पुस्तिका मिळणार. तिच्यावर कुठेही लिहिलेलं नसणार की एकाला गाडी चालवता येते आणि दुसऱ्याला येत नाही.

लायब्ररीत बसून मी यामागचा करार शोधला. १९ सप्टेंबर १९४९ चा जिनिव्हा करार, भारत त्यात आहे, जपानही आहे. त्यातलं चोविसावं कलम म्हणतं, त्याचा मथितार्थ असा: ज्या ड्रायव्हरने आपल्या देशात स्वतःची पात्रता सिद्ध करून लायसन मिळवलंय, त्याला बाकीच्या देशांनी पुन्हा परीक्षा न घेता गाडी चालवू द्यावी. पात्रता सिद्ध करून! सगळा करार या तीन शब्दांवर उभा आहे. पुस्तिका म्हणजे निव्वळ भाषांतर. जपानी पोलीस ती उघडतो तेव्हा तो माझी परीक्षा घेत नाही, माझ्या देशाने ती घेतली असं धरून चालतो.

आपल्या भागात 'परदेशी गाडी नेणे' ही काही आजची गोष्ट नाही बरं का. आमच्या मेसचे काका बांद्याचे. त्यांना पुस्तिका दाखवली तर म्हणाले, "ह्या कायच नाय. माझ्या बापाशीक गोव्यात जावचा म्हटला तरी परदेश होतो." खरंच आहे. ओरोसहून हायवेने तासाभरात आपण पत्रादेवीला पोचतो आणि फार तर 'गोवा चालू झाला' म्हणून मागच्या सीटवरचा मित्र ओरडतो. पण डिसेंबर १९६१ पर्यंत तिथून पुढे पोर्तुगालचं राज्य होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथेच सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर भारत सरकारने सीमाच बंद केली. गंमत म्हणजे, पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक उजवीकडे नेली, पण गोव्यातली डावीकडेच ठेवली, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान आणि तिथे सगळे डावीकडून चालणारे. म्हणजे लिस्बनचा साहेब पणजीत आला की त्याला हातची बाजू बदलावी लागे, आणि सावंतवाडीच्या ड्रायव्हरला ती बदलावी लागत नसे! कागद दोन देशांचे, रस्त्याची रीत एक.

जपानमध्येही वाहतूक डावीकडूनच, म्हणून मला वाटत होतं की निम्मं काम झालं. सिनियरला तसं म्हटलं तर तो हसला आणि त्याने स्वतःचा किस्सा सांगितला. जपानमध्ये रेल्वे फाटक उघडं असलं, गाडी येत नसली, तरी प्रत्येक गाडीने फाटकापाशी पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मगच रूळ ओलांडायचे. कायदाच आहे. हा पठ्ठ्या पहिल्याच महिन्यात आपल्याकडच्यासारखा गिअर टाकून सरळ गेला. पलीकडे पोलीस उभा. पासपोर्ट बघितला, परमिट बघितलं, लायसन बघितलं. सिनियर म्हणाला, "कागद सगळे बरोबर होते रे. चुकीचा मीच होतो." दंड भरला. पण त्याच्या मनात राहिलं ते वेगळंच. शेजारच्या सीटवर प्लांटमधला एक वयस्कर जपानी सहकारी होता. तो काही बोलला नाही, पण पुन्हा कधी त्याच्या गाडीत बसला नाही.

हे सगळं मी रूमवर सांगितलं तेव्हा बरीच वादावादी झाली. एक जण म्हणाला, "एजंटशिवाय लायसन काढतो कोण? सगळेच तसे." सगळेच तसे नाहीत. माझ्यासमोर पलंगावर आडवा पडलेला देवगडकर तसा नाही. दुसरा म्हणाला, "तिकडे गेल्यावर शिकशील, रस्ते चांगले असतात." म्हणजे शिकण्यासाठी आपण दुसऱ्याची मुलं वापरायची! तिसऱ्याचं म्हणणं मला जरा विचार करण्यासारखं वाटलं. आमच्या एका सरांनीही तेच सुचवलं की सरकारने परमिट देण्याआधी वेगळी परीक्षा घ्यावी. मला नाही पटत. पहिल्या परीक्षेला जो एजंट उभा होता तोच दुसऱ्या परीक्षेला उभा राहील, फक्त त्याचा रेट इंटरनॅशनल होईल. शिवाय ज्याने प्रामाणिकपणे आठ काढलाय त्याला पुन्हा देवगडहून हेलपाटा का?

चूक फॉर्म ४-ए मध्ये नाही. ती अठराव्या वर्षी झालेली असते, भजी खाताना.

आणि आपण तर इंजिनिअर होणार. ॲकरमन स्टीअरिंगची आकृती काढून आपण मार्क मिळवतो. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, ओल्या रस्त्यावर ते किती वाढेल, याची गणितं तोंडपाठ. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट, हे व्हायव्हात झोपेतही सांगू. पण जुलैच्या पावसात हायवेवर पुढच्या ट्रकमागे किती अंतर ठेवायचं, हे आपल्यापैकी कितीजण पायाने जाणतात? दरवर्षी या कॉलेजातून कोणी जर्मनीला एम.एस. ला जातो, कोणी दुबईला साइटवर, कोणी बोटीवर. देशोदेशीचे नियम वेगळे. ब्रिटनमध्ये आपल्या लायसनवर बारा महिने चालवता येतं. जर्मनीत राहायला गेलात की सहा महिने, मग त्यांची लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते. चीन तर आपली पुस्तिका मानतच नाही. तिथे खरी परीक्षा होते तेव्हा इथे उडवलेला आठ आडवा येतो. म्हणून मला वाटतं, ट्रेनिंग अँड प्लेसमेंट सेल जसे मॉक इंटरव्ह्यू घेतो, ग्रुप डिस्कशन घेतो, तसं तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी लायसनचं शिबिर घ्यावं. कागद भरून देणारं नव्हे, त्याला एजंट पुरेसे आहेत. कॉलेजचे बस ड्रायव्हर पंचवीस-तीस वर्षं करूळचा घाट उतरतायत. त्यांना दोन रविवार मैदानावर बोलवावं आणि आम्हाला त्यांच्यासमोर उभं करावं. गॅदरिंगच्या मांडवाच्या खर्चात हे सहज बसेल.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी अजून अर्ज टाकलेला नाही. जायला साडेतीन महिने आहेत. कुडाळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलंय. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "लायसन आसा मा?" मी म्हटलं, "आहे." "मग हय कित्याक इलंस?" काय सांगणार! सांगितलं खरं ते. ते हसले नाहीत, फक्त किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारी हात बांधून बसले. त्यांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक आहेत, पण पाय मागे घेऊन बसतात. दोन आठवडे झाले. सरळ रस्त्यावर आता गाडी बंद पडत नाही. चढावर अजून मागे येते, आणि रिव्हर्स घेताना परवा एका चिऱ्याच्या गडग्याला बंपर घासला, त्याचे पैसे द्यायचेत. रूममेट रोज संध्याकाळी बाइक घेऊन ग्राउंडवर आठ आखून देतो, विटा ठेवून. काल तिसऱ्या विटेपर्यंत पाय टेकला नाही.