परक्यांच्या वकिलातीत जाळी, गिरणगावात काच!

राजदूत तोंड उघडण्यापूर्वीच त्याची वकिलात बोललेली असते. ती वास्तू ज्या भूमीवर उभी राहते, त्या भूमीविषयीचा पाहुण्याचा भाव तिच्या भिंतींत उतरलेला असतो. दिल्लीच्या चाणक्यपुरीतील अमेरिकन वकिलात हे त्याचे ठळक उदाहरण. एडवर्ड ड्युरेल स्टोन या वास्तुविशारदाने १९५४ साली तिचा आराखडा हाती घेतला आणि १९५९ साली तिचे उद्घाटन झाले. यजमान देशाच्या हवामानाचा आणि परंपरेचा मान राखा, अशी त्या काळी अमेरिकन परराष्ट्र खात्याची आपल्या वास्तुविशारदांना सूचना होती. स्टोनने उंच चौथरा योजला, मध्यभागी पाण्याचे अंगण ठेवले, छतावर उन्हाला अडवणारे दुसरे छप्पर घातले आणि सभोवार सच्छिद्र जाळीची भिंत उभारली. या वास्तूविषयी लिहिणारे हटकून ताजमहालाचे नाव घेतात. परंतु ऐहोळे-पट्टदकलच्या मंदिरांत दगडी जाळ्या कोरल्या गेल्या, त्या ताजमहालाच्या कित्येक शतके आधी. वारा आत घ्यावा आणि ऊन बाहेर ठेवावे, हे शहाणपण या मातीतले आहे. ते सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्याला उमगले.

त्याच दिल्लीत १९८३ साली बेल्जियमची वकिलात पूर्ण झाली. तिचा आराखडा बेल्जियमने सोपवला सतीश गुजराल यांच्याकडे. ज्यांचे मूळ गाव झेलम फाळणीत पलीकडे राहिले, ज्यांच्याजवळ वास्तुशास्त्राची पदवी नव्हती, अशा या भारतीय चित्रकाराने उघड्या विटांतून जी वास्तू उभारली, तिची वाखाणणी जगभर झाली.

मुंबईचा अनुभवही निराळा नाही. ब्रीच कँडीच्या ज्या वास्तूत अमेरिकन वकिलात १९५७ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ नांदली, ते मूळचे वांकानेर संस्थानाच्या महाराजांचे घर. त्याचा वास्तुकार क्लॉड बॅटली. जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे अध्यापन करणारा हा इंग्रज आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना भारतीय वास्तुपरंपरेचा अभ्यास करा, असे सांगत असे. राज्यकर्त्यांच्या जातीतल्या माणसाने जे सांगितले, ते स्वराज्यात आपण विसरलो!

अमेरिकनांचे गोडवे गाण्याचा हा प्रयत्न नव्हे. १९९८ साली नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील वकिलातींवर दहशतवादी हल्ले झाल्यावर त्यांच्या नव्या वकिलाती गढ्यांसारख्या होत गेल्या. मुंबईतील वकिलातही २०११ साली वांद्रे-कुर्ला संकुलात, कडेकोट बंदोबस्तात गेली. त्यांना निदान भयाचे कारण होते. आपल्याला कसले भय आहे?

गिरणगावाचे काय झाले?

परळ, लालबागच्या रस्त्यावर उभे राहून वर पाहावे. जिथे गिरण्यांच्या चिमण्या होत्या, तिथे आता काचेचे मनोरे आहेत. युरोपच्या थंड प्रदेशात सूर्य दुर्मीळ, म्हणून त्याला घरात घेण्यासाठी तिथे काच लावतात. मुंबईत सूर्याला बाहेर ठेवायचे असते. इथे काच लावायची, आत तापलेली हवा वातानुकूलन यंत्राने थंड करायची आणि तिची उष्णता खालच्या रस्त्यावरच्या माणसावर सोडायची, यालाच आपण आधुनिकता म्हणतो. हे अनुकरण आहे, तेही बिनडोक.

चार्ल्स कोरिया हे मुंबईचेच वास्तुविशारद. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघातील भारताच्या कायमस्वरूपी कार्यालयाची उंच इमारत त्यांनी उभारली, तेव्हा तिच्या माथ्यावर उत्तर भारतातील बरसातीची आठवण देणारा उघडा सज्जा ठेवला. मॅनहॅटनच्या गर्दीत भारताची ओळख त्यांनी राखली. याच कोरियांच्या समितीने १९९६ साली गिरण्यांच्या जमिनींविषयी अहवाल दिला. मोकळी जागा, सामान्यांची घरे आणि मालकांचा विकास असे तीन भाग व्हावेत, हा त्यामागचा विचार. तेव्हा युतीचे सरकार होते, पण अहवाल अमलात आला नाही. २००१ साली काँग्रेस आघाडीच्या सरकारने नियमच असा बदलला की, ती वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरवला आणि सुमारे ६०० एकरांच्या गिरणगावाचे भवितव्य ठरून गेले. दोष एकाच पक्षाच्या पदरी टाकून मोकळे होता येणार नाही.

उंच इमारतींत सज्जे, गॅलऱ्या परवडत नाहीत, असे बांधकाम व्यावसायिक सांगतात. कंबाला हिलवरील कोरियांची कांचनजंगा इमारत १९८३ सालची आणि २८ मजल्यांची आहे. तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांत दुमजली उंचीचे व्हरांडे आहेत. तेव्हा अडचण उंचीची नाही, वृत्तीची आहे. आणि काचेच्या डब्यावर सिमेंटचा कळस बसवून कोणी त्याला 'भारतीय' म्हणत असेल, तर तीही फसवणूकच. स्वदेशी ही वरून चिकटवण्याची गोष्ट नाही, ती इमारतीच्या श्वासोच्छ्वासात असावी लागते.

चाळ गेली, चौकही जाणार?

गिरगावच्या चाळीला वास्तुविशारदाचे नाव नसेल, पण शहाणपण होते. सलग गॅलरीमुळे खोलीच्या भिंतीवर ऊन पडत नसे, पावसाची झड आत येत नसे. मधल्या चौकातून हवा खेळे. त्याच चौकात समाज घडला. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहू शकला, कारण चाळीला सर्वांचे असे अंगण होते. जुन्या चाळीतल्या हालअपेष्टांचे उदात्तीकरण कोणी करू नये. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या कुटुंबाचा आनंद खराच आहे. घरातले शौचालय आणि उद्वाहन हा त्यांचा हक्कच आहे. पण त्याची किंमत म्हणून गॅलरी, चौक आणि शेजार का द्यावा?

आज गिरगाव, दादर, लालबागच्या शेकडो चाळींपुढे पुनर्विकासाचा कागद ठेवला जातो. रहिवासी विचारतात, किती फूट मिळणार? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. वारा कुठून येणार, गणपती कुठे बसणार, मुले कुठे खेळणार, म्हाताऱ्यांनी संध्याकाळी कुठे बसायचे, हेही त्याच सभेत, सही करण्यापूर्वी विचारले पाहिजे. एकदा करारावर शाई वाळली की चौकाच्या जागी वाहनतळ येतो आणि उत्सवाचा मंडप रस्त्यावर ढकलला जातो. मग 'रस्ता अडवता' म्हणून बोलणीही आपल्यालाच खावी लागतात.

परके इथे येऊन आपली जाळी उचलून घेतात आणि आपण मात्र त्यांनी थंडीसाठी शोधलेली काच उन्हात लावून मिरवतो. राजकीय गुलामगिरी १९४७ साली संपली. मनाची गुलामगिरी आता आपल्या खिडक्यांवर येऊन बसली आहे. ती हटवायला दिल्लीचा हुकूम लागत नाही, चाळ समितीचा एक ठराव पुरतो.