समुद्र शोधायला निघालेले वसईकर

गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामांतून एक नवी बोली ऐकू येऊ लागली आहे. पंचावन्न-साठीच्या घरातली, नोकरीतून पुरती बाहेर न पडलेली पण विरार लोकलच्या रेटारेटीला विटलेली जोडपी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात उभी राहून जमिनीचे भाव बोलत असतात. हे भाव वसईचे नसतात. ते वेंगुर्ल्याचे, मालवणचे, रेवदंड्याचे असतात, आणि ऐपत थोडी अधिक असेल तर बारदेशाचे. बेत साधारण एकाच साच्यातला असतो. इथली वाडी किंवा वाडीतला आपला हिस्सा विकायचा, तिकडे समुद्राजवळ टुमदार घर घ्यायचे, चार तास घरबसल्या हिशेबाचे वा संगणकाचे काम करायचे आणि उरलेला दिवस लाटा मोजण्यात घालवायचा. या अर्ध्या निवृत्तीला आमचा विरोध नाही. माणसाने मरेपर्यंत लोकलच्या दांड्याला लोंबकळावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. आमचा विरोध आहे तो तिच्यासाठी निवडल्या जाणाऱ्या ठिकाणाला, आणि त्याहूनही अधिक त्या निवडीमागच्या विचारशून्यतेला.

हे बांधव समुद्र शोधायला निघतात ते समुद्राकडे पाठ फिरवूनच. अर्नाळा, नवापूर, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव ही किनारपट्टी काय कोणी उचलून नेली आहे? निर्मळ, गास, गिरीज या गावांतल्या कित्येक उंबरठ्यांवरून पायी निघालेला माणूस एक रोझरी संपवून दुसरी निम्मी म्हणेपर्यंत पुळणीवर पोहोचतो. पण या पुळणीवर शनिवार-रविवारी शहरातली गर्दी उसळते, सुरूची झाडे उन्मळून पडलेली दिसतात, सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. आमच्या बांधवांना हवा आहे तो चित्रातला समुद्र, ज्याच्या काठी कोणी राबत नाही आणि ज्याला वास नसतो. असा समुद्र मालवणातही नाही. तिथेही रापण ओढणारे आहेत आणि पर्यटकांच्या गाड्या आहेत. फरक इतकाच, की तिथली धूळ अजून आपल्या डोळ्यांत गेलेली नाही.

वसई सोडू पाहणाऱ्यांची गाऱ्हाणी खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, रेल्वे ठप्प झाली, दिवसचे दिवस वीज नव्हती. ते पाणी ज्यांच्या ओटीवर चढले त्यांना वसईचे गुणगान ऐकवणे हा क्रूर विनोद ठरेल. गावांचा विरोध असताना २००९ मध्ये महानगरपालिका आली, टॅंकर आले, विहिरी मचूळ झाल्या. हे सारे खरे. परंतु पाणी तुंबले ते आकाशातून शापासारखे कोसळले म्हणून नव्हे. पावसाचे पाणी पोटात साठवणारी बावखले बुजवली गेली, सखल भागांत भराव पडले, खाड्यांची तोंडे आवळली गेली. आणि भरावाच्या डंपरला वाट मिळाली ती कोणाच्या तरी वाडीतूनच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा ते जसे जमीन बळकावणाऱ्यांविरुद्ध होते तसेच आपल्याच मनातल्या विक्रीच्या मोहाविरुद्धही होते. २५ जुलै २०२४ रोजी फादर गेले. त्यांच्या अंत्यविधीत डोळे पुसणाऱ्यांपैकी काहींच्या घरी वाडीच्या विक्रीची बोलणी सुरू नसतील, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

खरा मुद्दा याच्या पुढचा आहे, आणि तो बोलायला आपला समाज बिचकतो. चाळीस वर्षे आपण एकच तक्रार करीत आलो, की बाहेरचा पैसा आला, त्याने आमच्या जमिनीचे मोल इतके फुगवले की आमच्याच मुलांना आमच्याच गावात घर घेता येईना. आता वाडीच्या विक्रीचा पैसा गाठीला बांधून आपण सिंधुदुर्गात उतरतो तेव्हा तिथे आपण कोण असतो? वेंगुर्ल्याच्या शेतकऱ्याला आपण वसईचे पीडित भूमिपुत्र दिसत नाही. आपण त्याला बाहेरचा पैसा दिसतो. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ मध्ये मोपाचा. ऑगस्ट २०२४ पासून वांद्र्याहून वसईमार्गे मडगावला जाणारी गाडीही धावू लागली. प्रत्येक सोयीबरोबर तिथल्या दलालांचा आवाज चढला आहे, आणि त्या आवाजाला ओ देणाऱ्यांत आपली माणसे आहेत. जे आपल्यावर झाले ते दुसऱ्यावर करायचे, आणि वर त्याला 'निसर्गाच्या सान्निध्यात राहणे' म्हणायचे! शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा वसईच्या हद्दीवर येऊन थांबत नाही.

गोव्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. गोव्यातील ख्रिस्ती आपलेच, त्यांची देवळे आपल्यासारखीच, तेव्हा तिथे आपण घरीच असू, असा एक गोड समज आमच्याकडे आहे. गोवेकर मात्र आपल्या जमिनीविषयी फार हळवा झाला आहे, आणि तसे होण्याचा त्याला अधिकार आहे. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याच्या हाती जाऊ नये म्हणून तिथल्या विधानसभेने २०२३ मध्ये कायदा केला. शेते आणि डोंगरउतार बांधकामाला मोकळे करण्याच्या सरकारी खटाटोपाविरुद्ध तिथल्या ग्रामसभा झगडत आहेत. अशा वेळी बंदिस्त वसाहतीतला बंगला घेऊन त्या गावात शिरणाऱ्या ख्रिस्ती बांधवाचे स्वागत चर्चच्या दारात होईल, गावाच्या मनात होईलच असे नाही. शिवाय भाषा. तिथली रविवारची मिस्सा बहुतेक ठिकाणी कोकणीत असते. व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या पिढीला मायबोलीत प्रार्थना करायला मिळाली. उतारवयात, कान मंदावत असताना, प्रवचनातले निम्मे शब्द चुकवत बसण्याची हौस कोणाला असेल तर असो.

आता व्यवहाराचे बोलू, कारण भावनेने पटत नाही ते पुष्कळांना हिशेबाने पटते. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ च्या कुळकायद्याचे ६३ वे कलम तसे सांगते. इथला सातबारा आहे तोवर आपण शेतकरी. शेवटचा गुंठा विकून तिकडे बाग घ्यायला गेलेल्या माणसाला आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करताना घाम फुटतो. किनाऱ्याला लागून जागा घ्यावी, तर १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेपासून भरतीरेषेलगतच्या बांधकामावर निर्बंध आहेत. २०११ आणि २०१९ मध्ये ते बदलले, काही ठिकाणी सैल झाले, पण 'समुद्र अगदी अंगणात' असे सांगणारा दलाल बहुधा त्या रेषेचा नकाशा दाखवत नाही. आणि अंगणातला समुद्र अंगणातच राहतो असेही नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत वीज आठवड्यांनी आली. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला वर्षे लागतात. साठाव्या वर्षी बाग उभी करणाऱ्याने ही वर्षे आपल्या वयात मिळवून पाहावीत.

दवाखान्याचा विचार तर बेत आखताना कोणी करीतच नाही, कारण बेत आखताना सगळेच निरोगी असतात. दक्षिण सिंधुदुर्गात दुखणे गंभीर झाले की अजूनही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची वाट धरावी लागते. पावसाळ्याच्या रात्री, अनोळखी घाटवळणांवरून, गाडी चालवणारा नवरा स्वतःच रोगी असताना ती वाट किती लांब वाटेल? इथे बंगलीचे कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे, आणि तिथवर पोहोचवायला हाकेच्या अंतरावर चुलतभाऊ आहे. त्या चुलतभावाशी बांधावरून भांडण असले तरी तो रात्री दोन वाजता रिक्षा घेऊन येतो. विकत घेतलेल्या वस्तीत शेजारी सभ्य असतात, आणि दाराला आतून कडी असते.

बायकांना या बेतात कोणी विचारत नाही, हेही एकदा लिहून ठेवायला हवे. समुद्राकाठच्या घराचे स्वप्न बहुधा पुरुषाचे असते. त्याचे काम त्याच्याबरोबर जाते. तिचे जे जग आहे, म्हणजे बहिणी, विहिणी, चर्चमधला महिला गट, बाजारात भाजी विकणारी बालमैत्रीण, त्यातले काहीच पेटीत भरून नेता येत नाही. सामवेदी बोलीत तिने हसावे, रागवावे असे तिकडे कोण असणार? कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीजांपासून उरलेली आपली चिमुकली बोली आजवर जपली, ती सगळे एका गावात धरून राहिले म्हणून. एकेकटे विखुरले असते तर एका पिढीतच ती गेली असती. आपली बोली काही निराळ्या धातूची नाही.

मग कोणी जाऊच नये काय? ज्याचे सासर-माहेर तिकडे आहे, जो तिकडून आला आणि परत चालला आहे, त्याला आमचा आशीर्वाद. सिंधुदुर्गाला २००५ पासून स्वतःचा धर्मप्रांत आहे आणि तिथे श्रद्धेने नांदणारी जुनी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांच्यात मिसळायला जाणारा वेगळा आणि त्यांच्यावर बंगला बांधायला जाणारा वेगळा. आजारपणाने वा कर्जाने पिचून जो हिस्सा विकतो त्याच्याविषयी तर आम्ही एक अक्षरही बोलणार नाही. त्याच्याशी बोलायचे ते सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीने, आणि वेळेवर. बाकीच्यांना इतकेच सांगणे, की वाडी विकण्याआधी तिकडे भाड्याने राहून एक अख्खा पावसाळा काढा. चार दिवसांच्या नाताळच्या सुटीत गाव कळत नाही. जुलैत विहीर पाहा, मे महिन्यात पुन्हा पाहा. चर्चला पायी जाता येते का ते स्वतः चालून पाहा, कारण आणखी पंधरा वर्षांनी गाडी चालवणार कोण? आणि तिथल्या दफनभूमीत एकदा जाऊन या. आपली शवपेटी उचलायला तिथे सहा माणसे कोठून येतील, याचा अंदाज तिथे उभे राहिल्यावर नीट येतो.

अर्ध्या निवृत्तीला वाडीइतकी योग्य जागा आम्हांला तरी दिसत नाही. सुकेळी करणारी घरे हाताच्या बोटांवर उरली आहेत. फुलांना मुंबईचा बाजार दारातून मिळतो. विहिरीचा गाळ काढायचा तर पैशापेक्षा वेळ लागतो, आणि वेळच तर आता हाताशी आला आहे. बुजलेल्या बावखलांपैकी एखादे उकरून काढायला पॅरिश कौन्सिलने अशा अर्ध्या रिकाम्या माणसांना हाक मारली, तर निदान काहीजण तरी येतील.

पण वाडी राहते किंवा जाते ती बहुधा समुद्रामुळे नव्हे, तर वाटणीमुळे. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखाच असतो. तरीही कित्येक घरांत बहिणींना विक्री ठरल्यावर नुसत्या सहीसाठी बोलावले जाते. त्यांना आधी विचारावे. वाडी ठेवावी असे म्हणणारी, आणि जमेल तसा खर्च उचलीन म्हणणारी एखादी बहीण बहुतेक घरांत असते. साठेखतावर कोणाचीही सही होण्याआधी सर्व भावंडे, आखातातली आणि कॅनडातलीसुद्धा, एका दिवशी फोनवर का होईना एकत्र यावीत आणि तो कागद सर्वांदेखत मोठ्याने वाचला जावा. दलाल त्या वेळी घरात नसावा.