ओळख देणारा खातेदार

पूर्वी बँकेत नवे खाते उघडावयाचे असेल, तर अर्जाच्या तळाशी एक रकाना असे. त्या शाखेच्या एखाद्या जुन्या खातेदाराने ‘अर्जदारास मी ओळखतो’ असे लिहून तेथे सही करावयाची असे. रक्कम हाती असूनही ओळख देणारा मिळाला नाही, तर अर्जदाराला परत जावे लागे. व्यापारी पेठेत मात्र ही अडचण क्वचितच येई. भवानी पेठेतील किंवा रविवार पेठेतील तरुण शाखेच्या पायऱ्या चढण्यापूर्वीच त्याच्या वडिलांचे व पेढीचे नाव आत पोहोचलेले असे. सही करणारा काउंटरपाशीच भेटे.

आता तो रकाना गेला. पॅन आणि आधार पुरतात. परंतु माणसांच्या व्यवहारात तो रकाना अद्याप कायम आहे, याचा अनुभव लहान मुलांसह परदेशी जाणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच महिन्यात येतो. बिबवेवाडी, महर्षीनगर, सॅलिसबरी पार्क या भागांतील किती तरी घरांतील मुले-मुली आज न्यू जर्सीत, लंडनमध्ये, म्युनिकमध्ये किंवा सिंगापुरात संसार थाटून आहेत. निघताना बॅगांचे वजन दोनदा होते, खाखरे आणि मसाल्यांच्या पुड्या मोजून भरल्या जातात, मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी व शाळेचे दाखले प्लास्टिकच्या फाइलमध्ये जातात. तेथे पोहोचल्यावर घर मिळते, बँकेचे खाते उघडते, शाळेत प्रवेश होतो. मैत्रीचे खाते मात्र उघडत नाही; कारण त्या गावात ओळख देणारा कोणीच नसतो.

या एकाकीपणाचा भार घरातील सर्वांवर सारखा पडत नाही. पतीला कार्यालयात सहकारी भेटतात. मुलाला वर्गात, भाषा न कळली तरी, खेळगडी दिसतात. उरते ती पत्नी. पुण्यात तिचे शिक्षण होते, कदाचित नोकरी किंवा दुकानातील हिशेबाची जबाबदारीही होती. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. २०१५ पर्यंत त्यावर नोकरी करण्याची मुभाच नव्हती; त्यानंतरही ग्रीनकार्डाच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांनाच ती मिळू लागली. सकाळी आठला दार बंद झाले की दुपारी तीनपर्यंत तिच्याशी मराठीत, मारवाडीत, गुजरातीत, किंबहुना कोणत्याच भाषेत बोलणारे कोणी नसते. संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. ‘पाठशाळा सापडली का? मुले नवकार म्हणतात ना? जेवण वेळेवर होते का?’ या तिन्ही प्रश्नांना ती ‘हो’ म्हणते. चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तिलाही तो आपण होऊन सांगावासा वाटत नाही.

व्यापारी घरांतील माणसे मुळात माणूसघाणी नसतात. गोड बोलणे हा तर पेढीचा पहिला धडा. तरीही परदेशात ही घरे अवघडतात, याचे कारण त्यांच्या संपन्नतेतच आहे. पुण्यात त्यांना नाती वारशाने मिळालेली असतात. चुलतभावंडे घरातच, मित्र गल्लीतले, मैत्रिणी उपाश्रयातल्या किंवा स्थानकातल्या, व्याही बाजारपेठेतले. एका पिढीने जोडलेले लोक पुढच्या पिढीला आपोआप लाभतात. वडिलोपार्जित भांडवलावर चालणाऱ्या दुकानाच्या मुलाला शून्यातून दुकान उभारण्याची कला अवगत नसते. मैत्रीचेही तसेच होते. अनोळखी माणसापाशी जाऊन ‘आम्ही येथे नवीन आहोत’ हे वाक्य उच्चारण्याचा प्रसंग त्यांच्यावर जन्मात आलेला नसतो.

परंतु त्यांच्या पणजोबांवर तो आला होता. मारवाड, गुजरात किंवा कच्छमधील गाव सोडून ते पुण्याच्या पेठांत उतरले, तेव्हा येथील भाषा परकी होती, पाणी परके होते, सणवार परके होते. पहिला आसरा गाववाल्याने किंवा साधर्मिकाने दिला, हे खरे. परंतु केवळ त्याच्या आधारावर दुकान चालले नसते. गिऱ्हाईक मराठी होते, हमाल मराठी होते, शेजारीण मराठी होती. त्यांच्याशी बोलता बोलता भाषा आली, भाषेबरोबर घरोबा आला. त्यांच्या नातवंडांसाठी निघणाऱ्या या मासिकात मराठी विभाग असावा, यापेक्षा वेगळी साक्ष कशाला हवी? त्या पूर्वजांच्या अर्जावर दोन सह्या होत्या : एक आपल्या माणसाची आणि एक परक्या म्हटल्या गेलेल्या शेजाऱ्याची. परदेशातील कुटुंबालाही याच दोन सह्यांची आवश्यकता असते.

पहिली सही मिळविणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. उत्तर अमेरिकेतील जैन संघांचा ‘जैना’ हा महासंघ १९८१ पासून कार्यरत आहे. त्याच वर्षी तेथील मराठी मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळही स्थापन झाले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ चे. इंग्लंडमधील लेस्टर शहराची कथा विशेष मननीय आहे. १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्या गावी येऊ नका’ असे कळविले होते. लोक तरीही आले. पूर्व आफ्रिकेतून तेथे पोहोचलेल्या गुजराती कुटुंबांत जैनही होते. पुढे एका जुन्या चर्चची इमारत घेऊन तेथे जैन केंद्र उभे राहिले आणि १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. त्या एकाच छताखाली श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर व स्थानकवासी उपाश्रय नांदतात. आपल्या गावी ज्यांच्या वाटा सहसा वेगळ्या असतात, ती माणसे परमुलखात एका दारातून आत जाऊ लागली.

रविवारच्या पाठशाळेचे खरे महत्त्व नव्या कुटुंबाने ओळखले पाहिजे. आत मुले सूत्रे शिकत असतात, तेव्हा बाहेरच्या दालनात त्यांच्या आया एकमेकींना बालरोगतज्ज्ञ, किराणा दुकान, शाळेतील शिक्षिका, मुलांच्या जुन्या थंडीच्या कोटांची देवघेव यांविषयी सांगत असतात. मुलाला सोडून गाडी वळवून निघून जाणारे पालक या अर्ध्या लाभाला मुकतात. शास्त्रात साधर्मिक वात्सल्याचा जो महिमा आहे, त्याचा परदेशातील अवतार म्हणजे ते बाहेरचे दालन होय.

मात्र संघ हा बहुधा आठवड्यातून एकदा भेटतो आणि पुष्कळ ठिकाणी त्यासाठी तासभर गाडी चालवावी लागते. मुलाचे उरलेले सहा दिवस शाळेत आणि घराजवळच्या मैदानात जातात. तेथे दुसरी सही लागते. प्रत्येक देशाची तीसाठी वेगळी जागा असते. इंग्लंडमध्ये लहान मुलांना पालक स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवितात व आणावयास जातात. त्या फाटकापाशी दहा मिनिटे आधी पोहोचणे ही तेथील शेजारधर्माची सुरुवात असते. जर्मनीत वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक बालकाला २०१३ पासून बालसंगोपन केंद्रातील जागेचा कायदेशीर हक्क आहे. मूल रुळेपर्यंत आई किंवा वडिलांनी काही दिवस तेथे बसावे अशी तेथील पद्धत असल्याने, इतर पालकांची गाठ अनायासे पडते. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयांत चिमुकल्यांसाठी विनामूल्य गोष्टींचे वर्ग भरतात. तेथे मुलांचे खेळणेही आगाऊ ठरवून होते. ‘शनिवारी दहा वाजता आमच्याकडे याल का?’ असे विचारणे हा आगाऊपणा नव्हे, तोच शिष्टाचार होय. आपल्याकडील ‘या कधीतरी’ तेथे कोणी निमंत्रण मानीत नाही.

घाई मात्र उपयोगाची नाही. कॅन्सस विद्यापीठातील प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यास सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, पुरत्या मैत्रीस सुमारे ९०, आणि जिवलग मैत्रीस २०० हून अधिक. आठवड्यातून एक तास भेट झाली, तर साध्या मैत्रीलाच वर्ष लागेल. आठवड्यातून दोन तास ठरवून एकत्र घालविले, तर सहा महिने. ही आवर्त ठेव आहे. हप्ता लहान चालतो. तो चुकता कामा नये. वर्षातून एकदा पन्नास माणसांना जेवावयास बोलावण्यापेक्षा दर बुधवारी एकाच शेजारणीबरोबर मुलांना मैदानावर नेणे अधिक फळते.

येथे आहाराचा प्रश्न उभा राहतो, आणि जैन कुटुंब बहुधा येथेच अडते. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडे असते, मऊ रंगीत गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन असते, पार्टीतील वेफर बटाट्याचे असतात. इंग्लंडमधील सरकारी शाळांत २०१४ पासून पहिल्या तीन वर्गांतील मुलांना दुपारचे जेवण विनामूल्य मिळते, शाकाहारी पर्यायही असतो. परंतु तेथील शाकाहारात अंडे व कंदमूळ दोन्ही बसतात. चौविहाराचे गणित तर सूर्यच बिघडवितो. लंडनमध्ये डिसेंबरात चार वाजण्यापूर्वी सूर्यास्त होतो, म्हणजे मूल शाळेतून घरी येऊन हातपाय धुईपर्यंत अंधार पडतो; जूनमध्ये तो रात्री नऊ वाजून गेल्यावर होतो.

अशा वेळी काही कुटुंबे निमंत्रणेच नाकारू लागतात, तर काही संकोचाने नियमांविषयी मौन पाळतात. पहिल्या मार्गाने मूल एकटे पडते आणि एकटे पडण्याचे कारण धर्म आहे असे मनात धरते. दुसऱ्या मार्गाने त्याला वाटते की धर्म ही लपविण्याची बाब आहे. दोन्ही समजुती पुढे महाग पडतात. तिसरा मार्ग सरळ आहे. कोणते नियम पाळावयाचे हे पती-पत्नींनी प्रथम आपसांत निश्चित करावे, मुलाला कारणासह समजवावे, आणि यजमानांना आधीच कळवावे : ‘आमचा मुलगा अवश्य येईल. तो अंडे व जिलेटिन खात नाही. त्याचा खाऊ आम्ही बरोबर देऊ, आणि इतर मुलांसाठीही थोडा अधिक देऊ.’ जेथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाची चौकशी नित्य होते, त्या समाजात असे सांगणे कोणाला विचित्र वाटत नाही. त्यानंतर आपल्या घरी बोलावण्याची पाळी येते. बिनअंड्याचा केक, ढोकळा आणि फळे एवढ्यावर चार मुलांची दुपार आनंदात जाते. संवत्सरीनंतर शेजाऱ्याला ‘मिच्छामि दुक्कडं’चा अर्थ सांगितला, तर वर्षातून एकदा सर्वांची क्षमा मागण्याची ही रीत कोणत्याही भाषेत समजते. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांत मैत्रीला पहिले स्थान आहे, आणि ती सर्व जीवांविषयी सांगितली आहे. केवळ साधर्मिकांविषयी नव्हे.

या साऱ्यात पुण्यातील घराचे कर्तव्य कोणते? फोनवरचा तो चौथा प्रश्न विचारणे हे पहिले. ‘तुला बोलावयास कोणी मिळाले का?’ असे सासूबाईंनी सुनेला विचारले, तर ‘सगळे ठीक आहे’ या उत्तरामागचे खरे उत्तर बाहेर येण्याची शक्यता असते. दुसरे, फोनची वेळ. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. पुण्यात रात्री नऊला निवांतपणे लावलेला फोन तेथे साडेतीनला, नेमक्या शाळा सुटण्याच्या वेळी वाजतो. फाटकापाशी उभी असलेली आई शेजारणीकडे पाठ फिरवून पडद्यातील आजीशी बोलू लागते. तो फोन शनिवारी करावा. तिसरे, आजी-आजोबा तेथे काही महिन्यांसाठी जातात, तेव्हा त्यांनी नातवंडाला मैदानात न्यावे, समोरच्या वृद्ध जोडप्याला नमस्कार करावा. मोडक्या इंग्रजीची लाज नसलेला आजोबा हा पुष्कळदा घराचा उत्तम ओळख देणारा ठरतो.

चौथे कर्तव्य संघांचे. प्रत्येक संघाने परदेशी असलेल्या आपल्या कुटुंबांची, त्यांच्या संमतीने, गावनिहाय नोंदवही ठेवावी. नवे कुटुंब निघण्यापूर्वी महिनाभर आधी त्या गावातील कुटुंबाशी त्याची गाठ घालून द्यावी. विमानतळावर हार घालण्यापेक्षा हा एक दूरध्वनी अधिक मोलाचा आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही. सोसायटीची नोंद ठेवणारा एखादा निवृत्त कार्यकर्ता हे काम आठवड्याला दोन तासांत करू शकेल.

आणि याच वेळी आपल्याच जिन्याकडेही पाहावे. पुण्यातही दर महिन्याला नवी कुटुंबे येतात : नोकरीसाठी ओडिशातून, केरळातून, चाकणच्या कारखान्यांसाठी जर्मनी-कोरियाहून. त्यांच्याही घरात तीन वर्षांचे मूल असते आणि दुपारी बंद दारामागे एक आई असते. तिसऱ्या मजल्यावर नव्या बिऱ्हाडाचे सामान चढत असेल, तर लिफ्ट मोकळी करून देताना नाव विचारावे आणि संध्याकाळी वाटीभर काहीतरी पाठवावे. लंडनमधील कोणी अनोळखी बाई आपल्या सुनेसाठी जी सही करणार आहे, तशीच ती येथे आपण करावयाची आहे.